टॅक्सोमेट्रिक पद्धती

माणसामाणसांतील एखादा फरक मुळातच वेगळ्या गटांचा आहे, की एकाच अखंड परिमाणावरील कमीअधिकपणाचा, हे तपासणाऱ्या सांख्यिकीय पद्धतींचा समूह. मुख्य उपयोग मनोविकारांच्या वर्गीकरणात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील (१९२०–२००३) यांनी मिनेसोटा विद्यापीठात त्या विकसित केल्या. स्किझोफ्रेनियाची आनुवंशिक प्रवणता मोजक्याच लोकांत असते, हे मत त्यांनी १९६२ मध्ये मांडले होते. त्याची परीक्षा घेणे हा मूळ हेतू.

पूर्वपीठिका : नेपल्सच्या खेकड्यांच्या मोजमापांचे असममित वितरण कार्ल पिअर्सन यांनी १८९४ मध्ये दोन प्रसामान्य वितरणांत विभागून दाखविले. आलेखातील शिखरे मोजून मात्र भागत नाही. समान संख्येच्या व समान प्रमाण विचलनाच्या दोन प्रसामान्य गटांच्या माध्यांत दोन प्रमाण विचलनांहून अधिक अंतर नसेल, तर शिखर एकच दिसते.

कार्यपद्धती : ‘मॅक्सकोव्ह’ ही सर्वांत परिचित पद्धत. तीन निदर्शक (मोजता येणारी लक्षणे) घेऊन पहिल्याच्या चढत्या क्रमाने लोकांचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागात उरलेल्या दोहोंचे सहप्रचरण (दोन्ही एकत्र कमीअधिक होण्याचे माप) काढतात. गटांच्या आत निदर्शकांचा परस्परसंबंध नगण्य मानला, तर सहप्रचरण केवळ मिश्रणातून येते : दोन गटांची प्रमाणे आणि दोन निदर्शकांवरील माध्यांतील फरक, या चार राशींचा गुणाकार. उदा., स्त्री-पुरुषांच्या एकत्रित नमुन्याचे उंचीनुसार भाग पाडल्यास फार बुटक्यांत बहुतेक स्त्रिया, फार उंचांत बहुतेक पुरुष. तेथे आवाजाचा जाडपणा व हाताच्या पकडीची ताकद यांचे सहप्रचरण अल्प. दोघे निम्मेनिम्मे असतील त्या भागात ते सर्वाधिक. म्हणून वक्र मध्ये उंचावतो. अखंड परिमाण असल्यास साधारण सपाट राहतो. दोहोंपैकी एक गट लहान असल्यास उंचवटा टोकाकडे सरकतो. पण निदर्शकांचे वितरण असममित असले, तरी तसाच आकार येतो. यावर उपाय म्हणून जॉन रुशिओ व सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारची कृत्रिम सामग्री तयार करून तुलना करण्याची रीत रूढ केली. तिचा निर्देशांक ० ते १ असून ०.५ च्या आसपास निर्णय राखून ठेवतात.

‘माम्बॅक’ (१९९४) व ‘एल-मोड’ (१९९८) या पूरक पद्धती. एकाच पद्धतीच्या कौलावर विसंबू नये, असा मील यांचा आग्रह होता.

निष्कर्ष : प्रारंभीचे अनेक निष्कर्ष वेगळ्या गटांच्या बाजूचे होते, त्यांतील काही पद्धतीच्या दोषांतून आले असावेत. निक हॅस्लम व सहकाऱ्यांच्या २०२० च्या आढाव्यात (३१७ निष्कर्ष) परिमाणाच्या बाजूचे निष्कर्ष सुमारे पाचपट भरले. नैराश्य व चिंताविकार बहुधा परिमाणात्मक मानले जातात. स्वमग्नता व व्यसनाधीनता यांबाबत मतभेद आहेत.

अन्य उपयोग : समाजविघातक व्यक्तिमत्त्व, बालकांचा आसक्तिबंध.