कोणता शिपाई, कोणते काम

कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला बसून जी बखर लिहिली, तीत शिवाजी महाराजांच्या लष्कराची मांडणी सांगणारा एक मजकूर आहे. लढायांच्या वर्णनांपुढे तो रुक्ष वाटतो, त्यामुळे वाचणारा पुष्कळदा तो ओलांडून पुढे जातो. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, असा हिशेब चढत जातो आणि त्यातच दर पंचवीस घोड्यांमागे एक पखाली व एक नालबंद अशी नेमणूक येते. पाणी वाहणारा आणि घोड्याला नाल ठोकणारा ही दोन माणसे तलवार चालवण्यासाठी ठेवलेली नव्हती. पण ती नसती तर पंचवीस तलवारी दुसऱ्या मुक्कामापलीकडे गेल्या नसत्या. लढणाऱ्यांइतकीच इतर कामेही सैन्याला लागतात, हे या एका ओळीत नोंदले गेले आहे. मात्र कोणते काम कोणाच्या वाट्याला यावे, ते कोणी ठरवावे आणि त्यात खुद्द त्या माणसाच्या मर्जीला किती जागा असावी, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे काळाबरोबर बदलत गेले. आपण त्या बदलांचाच माग काढू.

सभासदाच्याही फार मागे जायचे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रापाशी थांबावे लागते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांच्यासाठी तिथे वेगवेगळे अध्यक्ष आहेत. छावणी उभारणे, रस्ते आणि घाट नीट करणे, विहिरी खोदणे ही कामे करणारी माणसे निराळी मोजली आहेत. लढाईच्या पिछाडीला शस्त्रे, औषधे, तेल आणि पट्ट्या घेतलेले वैद्य असावेत, अन्नपाणी सांभाळणाऱ्या स्त्रिया असाव्यात, असेही सांगितले आहे. कामांची विभागणी इतकी बारीक असली तरी माणसांची वर्गवारी मात्र वेगळ्याच मापाने होते. मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि आटविक असे सैन्याचे सहा प्रकार कौटिल्य मोजतो, ते माणूस कुठून आला यावरून. पिढीजात चाकरीचा, पगारी, संघाचा, दोस्ताकडचा, शत्रूकडून फुटून आलेला किंवा रानातला, एवढे कळले की त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा आणि त्याला कुठे उभे करायचे हे ठरत असे. त्याला काय येते आणि काय आवडते, हा प्रश्न त्यानंतरचा.

मराठेशाहीत आल्यावर आपल्याला पहिला मोठा भेद दिसतो तो घोड्याच्या मालकीचा. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. घोडा पडला तर शिलेदाराचे घर बुडे, बारगिराला दुसरा घोडा मिळे. म्हणजे ज्याची ऐपत असेल त्याला थोडी मोकळीक होती, ज्याची नसेल त्याने नेमून दिलेले करायचे. गडावर हिशेब वेगळा होता. हवालदार आणि सरनोबत मराठा, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभू, अशी वाटणी सभासद सांगतो. एका जातीच्या हाती सगळा गड राहू नये हा त्यातला धोरणी विचार, पण काम जातीवरून ठरते हे त्यात गृहीतच होते. गडाच्या घेऱ्यात रामोशी, महार, मांग यांना पहारा नेमून दिलेला असे. पेशवाईत ही वाटणी आणखी घट्ट झाली. तोफखान्याची सरदारी पानसे घराण्याकडे राहिली. पुरंदर तालुक्यात सोनोरीजवळचा मल्हारगड या घराण्याने बांधला. बापाने तोफा सांभाळल्या म्हणून मुलाने त्या सांभाळायच्या, हीच तेव्हाची भरती होती. तिला पहिला धक्का कवायती पायदळाने दिला. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याचे पायदळ आणि तोफा हे कसलेल्या, शिकवून तयार केलेल्या माणसांचे सैन्य होते. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बोयन या युरोपीय सेनाधिकाऱ्याकडून जे कवायती कंपू उभे करून घेतले, त्यांनी तर शिक्षणालाच मोल आणले. आग्र्याला तोफा ओतणारा सँगस्टर स्कॉटलंडहून आलेला, पण त्याला काम मिळाले ते धातू ओतता येत होता म्हणून. घराण्यापेक्षा हुन्नर मोठा ठरू लागल्याची ही सुरुवात होती.

कंपनी सरकारच्या मुंबई सैन्याने हाच धागा पुढे नेला. त्या सैन्यात मराठे, महार, मुसलमान, परदेशी (म्हणजे उत्तर हिंदुस्थानी) अशी सरमिसळ असे आणि एकाच कंपनीत ते शेजारी शेजारी उभे राहत. २८ सप्टेंबर १८२७ रोजी मुंबईच्या पायदळी तोफखान्यात गोलंदाजांची एक कंपनी उभी राहिली. पुढे ती पाचवी बॉम्बे माउंटन बॅटरी म्हणून ओळखली गेली आणि आजही भारतीय तोफखाना आपला स्थापनादिन त्याच तारखेला पाळतो. त्याच काळात बॉम्बे सॅपर्स आकार घेत होते, ज्यांचे ठाणे पुढे खडकीला कायमचे रुजले. सॅपरची चाकरी शिपायाच्या चाकरीहून निराळी. सुतार, लोहार, गवंडी अशा कारागिरांना तिथे मागणी होती. बंदूक चालवणे आणि पूल बांधणे, दोन्ही एकाच माणसाला यावे लागे. हातात कसब असलेल्या माणसाला कसबामुळेच पलटणीत जागा मिळावी, ही गोष्ट आपल्याकडे इथे पक्की झाली.

१८५७ नंतर हे सगळे फिरले. बंगाल सैन्याच्या उठावानंतर सैन्याच्या फेररचनेचा विचार करणाऱ्या पील आयोगाने तोफखाना प्रामुख्याने गोऱ्यांच्या हाती ठेवावा असे सुचवले. डोंगरी तोफखान्यासारखे मोजके अपवाद वगळता तोफ हे काम भारतीय शिपायासाठी बंद झाले आणि भारतीयांचा पहिला मैदानी तोफखाना उभा राहायला १५ जानेवारी १९३५ उजाडावी लागली. अंगी कौशल्य असून भरवसा नाही म्हणून काम नाकारण्याचा हा काळ सुमारे पाऊणशे वर्षे चालला. त्यात भर पडली लढाऊ जमातींच्या सिद्धान्ताची. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचा सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने तो धोरण म्हणून राबवला. काही जाती जन्मतः लढवय्या, काही जन्मतः निरुपयोगी, अशी यादीच तयार झाली. भरती अधिकाऱ्यांसाठी जमातवार पुस्तिका निघाल्या. मराठे आणि दख्खनी मुसलमानांवरची बेथमची पुस्तिका १९०८ ची. कोणत्या जिल्ह्यातला, कोणत्या पोटजातीचा जवान घ्यावा, हे तीत पाहून ठरवता येई. या यादीतून महार समाज वगळला गेला. मुंबई सैन्यात पिढ्यानपिढ्या चाकरी केलेल्या या लोकांची भरती १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. त्याविरुद्ध लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतीअर्ज तयार केला; १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. सैन्यात हवे ते काम मिळावे म्हणून आपल्याकडे लिहिले गेलेले हे अर्ज एका माणसाच्या पसंतीपुरते नव्हते. अख्ख्या समाजाला शिपाई होऊ द्यावे, एवढीच त्यांची मागणी होती.

पहिल्या महायुद्धाने या यादीला तडे पाडले. त्या युद्धकाळात भारतातून सुमारे ८ लाख ७७ हजार लढाऊ आणि ५ लाख ६३ हजार बिगरलढाऊ माणसे भरती झाली. या दुसऱ्या आकड्यात भिश्ती, बावर्ची, धोबी, मोची, न्हावी, सफाईवाले, खेचरवाले आणि मजूर होते. सभासदाच्या पखाली-नालबंदांचे हे वारस, पण त्यांचा दर्जा खालचा आणि पगार शिपायापेक्षा कमी. काम जातीनेच ठरे, आणि गावातले जे काम टाळून माणूस पलटणीत आला तेच काम त्याला बराकीत करावे लागे. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडलीही. त्याच १९१७ साली अमेरिकेत निराळाच प्रयोग सुरू झाला होता. लाखो नवे शिपाई एकदम आले, तेव्हा कोणाला कुठे पाठवायचे यासाठी रॉबर्ट यर्क्स आणि सहकाऱ्यांनी साक्षरांसाठी ‘अल्फा’ आणि निरक्षरांसाठी ‘बीटा’ अशा बुद्धिचाचण्या तयार केल्या. सुमारे १७ लाख माणसांनी त्या दिल्या. या चाचण्यांचे निष्कर्ष पुढे वंशभेदी युक्तिवादांसाठी वापरले गेले, हे खरे. पण माणसाला कामावर लावण्याआधी त्याची परीक्षा घ्यावी हा विचार सैन्यांत रुजला. ब्रिटनने जुलै १९४२ पासून प्रत्येक नव्या शिपायाला आधी सामायिक प्रशिक्षण देऊन, चाचण्या घेऊन मगच शाखा ठरवायला सुरुवात केली.

भारतात हे वळण दुसऱ्या महायुद्धात आले. सुमारे २ लाखांचे सैन्य ६ वर्षांत २५ लाखांपर्यंत गेले. मोटारी, वायरलेस, रणगाडे, विमानविरोधी तोफा यांच्यासाठी चालक, फिटर, इलेक्ट्रिशियन आणि ऑपरेटर हजारोंनी हवे होते आणि रॉबर्ट्सच्या यादीत अशी एकही जमात नव्हती. यंत्राला जात कळत नाही. ते चालवता येते की नाही, एवढाच प्रश्न उरतो. १९४२ मध्ये महिलांचे साहाय्यक दल निघाले. १ मे १९४३ रोजी ईएमई, म्हणजे यंत्रदुरुस्तीचे दल, स्वतंत्र झाले. त्याच वर्षी डेहराडूनला अधिकारी निवडीचे पहिले प्रायोगिक मंडळ बसले. उमेदवाराला चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावणे, गटाने अडथळा पार करायला लावणे, ही पद्धत आज एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवड मंडळापुढे, जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संरक्षण सल्लागार समितीत असताना लावून धरलेली मागणी पूर्ण होऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १९४६ मध्ये तिला मशीनगनचे काम दिले गेले. ज्या समाजाला लढण्यालाच नालायक ठरवले होते, त्याच्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आता एकमेकींना छेदणाऱ्या दोन मशीनगन आल्या. पुढे इतर समाजांचे जवानही तिच्यात भरती होऊ लागले.

बिगरलढाऊ समजल्या जाणाऱ्या कामाची किंमत किती, हे पाहायचे तर एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या रस्त्यावर जायला हवे. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे १९४० मध्ये बॉम्बे सॅपर्समध्ये साधे जवान म्हणून भरती झाले होते आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी झाले. राजौरीकडे निघालेल्या रणगाड्यांच्या वाटेत सुरुंग पेरलेले, झाडे तोडून आडवी टाकलेली. ८ एप्रिलला सुरुंग काढायला सुरुवात होताच तोफगोळे पडले. दोन सॅपर ठार झाले, राणे धरून पाच जखमी. तरी ते हटले नाहीत. रणगाड्याखाली सरपटत, चालकाला दोरीने खूण करत रणगाडा थांबवायचा, सुरुंग निकामी करायचा आणि पुन्हा खूण द्यायची, असे ते काम चालले असे सांगतात. पुढचे दिवस आडवी झाडे उडवत, पुलांना वळसे काढत गेले आणि रणगाडे राजौरीला पोहोचले. या कामगिरीबद्दल राणे यांना परमवीर चक्र मिळाले. शत्रूवर चाल करून नव्हे, वाट मोकळी करून मिळालेले ते परमवीर चक्र आहे, आणि ज्याला जे काम येते ते त्याच्या हाती असले तर काय घडते याचा तो दाखला आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली, ती सर्व प्रांतांतल्या, सर्व समाजांतल्या जवानांची. जुन्या पायदळी रेजिमेंटांची नावे आणि परंपरा टिकल्या, पण सिग्नल्स, इंजिनिअर्स, ईएमई, तोफखाना यांच्या भरतीत शिक्षण आणि चाचणी यांचे वजन वाढत गेले. डेहराडूनच्या लष्करी अकादमीत कॅडेट शेवटच्या सत्रात आपल्या पसंतीच्या शाखा क्रमाने लिहून देतो आणि गुणवत्ताक्रम व जागा पाहून वाटप होते. वडिलांच्या रेजिमेंटवर मुलाचा हक्क मानण्याची चालही अजून आहे, पानशांच्या काळाची तेवढी खूण उरलेली. स्त्रियांची वाट अधिक लांब. मार्च १८८८ मध्ये लष्करी इस्पितळांसाठी दहा परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तेव्हापासून शतकभर, युद्धकाळातले साहाय्यक दल वगळता, स्त्रियांसाठी वैद्यकीय दार तेवढे उघडे होते. १९९२ मध्ये इतर शाखांत अधिकारी म्हणून प्रवेश मिळाला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम कमिशनचा निकाल दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये पाच महिला अधिकारी तोफखान्यात दाखल झाल्या.

या लांब रस्त्याच्या टोकाला आज आपण उभे आहोत. २०२२ च्या अग्निपथ योजनेपासून भरती ४ वर्षांची झाली, २०२३ पासून मैदानी चाचणीआधी ऑनलाइन परीक्षा आली आणि २०२५ पासून पात्र उमेदवाराला एकाऐवजी दोन प्रवर्गांसाठी अर्ज करता येऊ लागला. जातीची पुस्तिका गेली, घोड्याची अट गेली. पण निवड अजूनही आपण समजतो तितकी मोकळी नाही. जीडीला, म्हणजे जनरल ड्युटीच्या शिपायाला, दहावी पुरते. क्लार्कला बारावीत ६० टक्के लागतात. टेक्निकलला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी हवे, नाहीतर दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका. म्हणजे पहाटे गावच्या रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करणाऱ्या मुलाचे काम मैदानावर ठरत नाही. ते दोन वर्षे आधी, अकरावीचा अर्ज भरताना ठरून गेलेले असते. त्या वेळी हे त्याला सांगणारे कोणी नसते, आणि मग जीडी किंवा ट्रेड्समन एवढाच पर्याय उरतो. ग्राउंडची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या गावोगाव आहेत. शाळांनी, शिक्षकांनी आणि घरच्यांनी एवढे करावे की सैन्यात जायचे म्हणणाऱ्या मुलामुलींना दहावीच्या वर्गातच प्रवर्गांची ही यादी समजावून सांगावी.