वर्षाचा वायदा, रोजचा निश्चय

एका वर्षाची मुदत घालून अख्ख्या देशाने संकल्प सोडला, तो नागपुरात. डिसेंबर १९२०च्या शेवटच्या आठवड्यात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. सी. विजयराघवाचार्य अध्यक्ष होते, वर्ध्याचे जमनालाल बजाज स्वागताध्यक्ष, आणि प्रतिनिधी चौदा हजारांहून अधिक. असहकाराच्या ठरावावर इथे शिक्कामोर्तब झालं. लोक सांगितलं तसं वागले तर वर्षभरात स्वराज्य, हा गांधीजींचा शब्द इथून गावोगाव गेला. अधिवेशनं डिसेंबरअखेरीस भरत, कारण नाताळात कोर्टं बंद असत आणि वकील, शिक्षक, नोकरदार मोकळे होत. देशाचे ठराव असे साहेबाच्या सुट्टीत होऊ लागले आणि जानेवारीपासून ते पाळायची वेळ येऊ लागली. एक जानेवारी आणि निश्चय यांची सांगड आपल्याकडे बसली, त्यात या वेळापत्रकाचा वाटा मला मोठा वाटतो.

या सांगडीचं मूळ कूळ मात्र रोमचं. इ.स.पू. १५३पासून तिथले कॉन्सुल एक जानेवारीला कारभार हाती घेत आणि त्याच दिवशी राज्याच्या क्षेमासाठी देवापुढे नवस बोलत. तो नवस राज्याचा होता. तो माणसाच्या स्वतःच्या वागणुकीवर आला तो पुढे, ख्रिस्ती धर्मसुधारकांच्या हातून. १७२२-२३मध्ये अमेरिकेतल्या जोनाथन एडवर्ड्‌स या तरुण धर्मोपदेशकाने स्वतःसाठी सत्तर निश्चय लिहून काढले आणि ते दर आठवड्याला वाचायचे असंही लिहून ठेवलं. निश्चय लिहिणारे पुष्कळ. तो पुन्हा पुन्हा स्वतःसमोर ठेवायची तजवीज करणारे थोडे, म्हणून हा एडवर्ड्‌स मला महत्त्वाचा वाटतो.

नागपूरच्या वायद्याचं पुढे काय झालं? मार्च १९२१च्या अखेरीस काँग्रेसच्या बेजवाड्याच्या बैठकीत त्याचे आकडे ठरले: टिळक स्वराज्य फंडात एक कोटी रुपये, एक कोटी सभासद, वीस लाख चरखे, मुदत ३० जून. फंड पुरा झाला. वर्ष सरलं, स्वराज्य आलं नाही, आणि फेब्रुवारी १९२२मध्ये चौरीचौऱ्याच्या हिंसाचारानंतर चळवळच थांबवली गेली. तारीख चुकली, पण त्या संकल्पातला जो भाग माणसाच्या रोजच्या हाताशी होता तो टिकला. खादी अंगावर राहिली, सूतकताई राहिली, चार आणे भरून झालेलं सभासदत्व राहिलं. जमनालालजींनी रायबहादुर ही पदवी सोडली ती कायमची. स्वराज्य कधी यावं हे कुणा एकाच्या हाती नव्हतं. आज कोणतं कापड नेसायचं हे ज्याच्या त्याच्या हाती होतं.

छत्तीस वर्षांनी याच शहरात दुसरा निश्चय झाला. त्याला मुदतच नव्हती.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती. ती प्रत्यक्षात यायला एकवीस वर्षं लागली. या काळात त्यांनी धर्मांचा अभ्यास केला, घटना लिहिली, बुद्धाच्या शिकवणुकीवर ग्रंथ लिहीत आणला. त्यांनी घाई केली नाही आणि शब्दही सोडला नाही. १४ ऑक्टोबर १९५६, रविवार, अशोक विजयादशमी. नागपुरात लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत जमली होती. त्यातली कित्येक खेड्यापाड्यांतून मिळेल त्या वाहनाने, नाहीतर पायी आलेली. कुशीनाराचे भदंत चंद्रमणी महास्थविर यांनी बाबासाहेबांना आणि त्यांच्या पत्नी माईसाहेबांना त्रिसरण-पंचशील दिलं. मग प्रकृतीने खचलेले बाबासाहेब स्वतः उभे राहिले, दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्यांना उभं राहायला सांगितलं आणि त्यांच्याकडून बावीस प्रतिज्ञा मराठीतून म्हणवून घेतल्या.

या प्रतिज्ञांची घडण बघण्यासारखी आहे. बहुतेकींचा कर्ता ‘मी’ आहे. एवढ्या मोठ्या समुदायातही बोलणारा प्रत्येक जण एकटा आपल्या नावाने बांधला जातो. सुरुवातीला नकार येतात: अमुक देवांना मानणार नाही, श्राद्ध-पिंडदान करणार नाही. मग होकार येतात: सर्व माणसं समान मानीन, समता आणण्याचा प्रयत्न करीन, अष्टांगिक मार्गाने जाईन, प्राणिमात्रांवर दया करीन. आणि या मोठ्या गोष्टींच्या शेजारी चोरी, खोटं बोलणं आणि दारू यांचा त्याग आहे. तो संध्याकाळी घरी परतताना पाळायचा असतो, बायकोपोरांच्या डोळ्यांदेखत पाळायचा असतो. नववर्षाच्या संकल्पांवरच्या, २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश अभ्यासात वर्षाअखेर ‘करीन’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के, तर ‘टाळीन’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांनी आपला संकल्प साधल्याचं सांगितलं. धम्मदीक्षेचं मोल अशा टक्क्यांनी करू नये. पण सोडलेल्या गोष्टीच्या जागी काय धरायचं हे बावीस प्रतिज्ञा सांगतात, आणि त्या टिकण्याचं एक कारण मला यातच दिसतं. जुना देव्हारा काढून कोनाडा रिकामा ठेवायचा नव्हता. तिथे बुद्धाची प्रतिमा आली, पुढे शेजारी बाबासाहेबांचा फोटो आला, आणि रोज वंदना म्हणायची सवय आली.

दुसऱ्या दिवशीच्या, १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेब आणखी खोलात गेले. आपल्या कमाईचा निदान विसावा भाग या कार्यासाठी देत जाण्याचा निश्चय करा, असं त्यांनी सांगितलं. विसावा भाग म्हणजे आजच्या हिशेबाने रुपयातले पाच पैसे. गिरणीतल्या कामगारालाही, विडी वळणाऱ्या बाईलाही आपला वाटा मोजता येईल असं ते माप होतं. धर्मांतरासारख्या अफाट गोष्टीला त्यांनी महिन्याच्या पगारापर्यंत आणून भिडवलं. मला त्या भाषणातली ही जागा फार मोठी वाटते.

मग ते चंद्रपूरला गेले आणि १६ तारखेला तिथेही दीक्षा झाली. ६ डिसेंबरला ते गेले. प्रतिज्ञा दिल्यापासून त्रेपन्नाव्या दिवशी देणारा नाहीसा झाला, आणि ज्यांनी ती घेतली होती त्यातल्या बहुतेकांना वाचताही येत नव्हतं. निश्चय मोडायला याहून मोठं निमित्त कोणतं असतं? उलट १९६१च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची नोंद २७ लाख ८९ हजारांवर गेली. दहा वर्षांपूर्वी ती काही हजारांतच होती. जनगणनेचा माणूस दारात उभा असताना जुनी जात न सांगता ‘बौद्ध’ म्हणून सांगणं, आणि त्यापायी सवलती जातील हे ठाऊक असूनही सांगणं, हे प्रत्येक घराने आपापल्या जबाबदारीवर केलं.

देणारा गेल्यावर प्रतिज्ञा पुढे कोण देणार, याची सोय बाबासाहेबांनी करून ठेवली होती. प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे, असं त्यांनी जाहीर केलं होतं. त्यासाठी पुरोहित लागत नाही, मुहूर्त लागत नाही. म्हणून दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, नागपुरात जिथे ती दीक्षा झाली त्या दीक्षाभूमीवर, नव्याने आलेले लोक प्रतिज्ञा घेतात, आणि ज्यांच्या आजोबांनी ती १९५६मध्ये घेतली तेही तिथल्या स्तंभावर कोरलेली बावीस वाक्यं उभं राहून वाचतात. आवारात पुस्तकांचे स्टॉल रात्रभर उघडे असतात. प्रतिज्ञांची पुस्तिका अजून काही रुपयांत मिळते, आणि परतीच्या गाडीत ती एक जण मोठ्याने वाचतो, बाकीचे मागून म्हणतात.