मुरारच्या दगडातले घड्याळ

मुरार म्हटले की मराठी माणसाला १८५८ चा जून आठवतो. १६ तारखेला इंग्रज सेनापती ह्यू रोजने इथली छावणी घेतली आणि एक-दोन दिवसांतच ग्वाल्हेरच्या वेशीवर झाशीची राणी धारातीर्थी पडली. भूशास्त्रात मात्र मुरारचे नाव फार जुन्या गोष्टीसाठी घेतात. ग्वाल्हेरच्या प्राचीन खडकांत खाली ‘पार’ आणि वर ‘मोरार’ असे दोन थरसमूह आहेत. मोरार म्हणजे इंग्रजी लिखाणातले आपले मुरारच. त्याच्या लोहयुक्त थरांत घुसलेले काळे अग्निजन्य खडक सुमारे दोन अब्ज वर्षांचे आहेत. हे वय सांगणाऱ्या घड्याळाचे मूळ अल्फा क्षयात, म्हणजे अणुकेंद्रातून अल्फा कण बाहेर पडण्यात, आहे.

१८९९ मध्ये रदरफर्ड यांनी युरेनियमच्या किरणांत दोन प्रकार ओळखले. पातळ पत्र्यानेही अडणाऱ्या किरणांना त्यांनी ‘अल्फा’ म्हटले. हे कण म्हणजे हेलियमची अणुकेंद्रे, हे १९०८ पर्यंत पक्के झाले. त्याआधीच, खनिजात साठलेल्या हेलियमवरून त्याचे वय काढता येईल, हे रदरफर्ड यांनी दाखवून दिले होते. अडचण एकच: हेलियम वायू दगडातून निसटतो आणि वय कमी भरते.

काही अणुकेंद्रांतून अल्फा कण बाहेर पडायला प्रदीर्घ काळ का लागतो, याचे उत्तर १९२८ मध्ये गॅमो यांनी आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी दिले. कणाला केंद्राची ऊर्जाभिंत ओलांडण्याइतके बळ नसते. पण पुंजयांत्रिकीच्या नियमाने तो क्वचित तिच्या आरपार जातो. ऊर्जा थोडी कमी असली, तरी ही शक्यता प्रचंड घटते. म्हणूनच पोलोनियम-२१२ चे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ) सेकंदाच्या दशलक्षांशाहून कमी, तर युरेनियम-२३८ चे ४.४७ अब्ज वर्षे.

१९३२ मध्ये हेवेशी आणि पाल यांना सॅमॅरियम हे मूलद्रव्यही किरणोत्सारी असल्याचे आढळले. सॅमॅरियम-१४७ एक अल्फा कण टाकून निओडिमियम-१४३ होते. त्याचे अर्धायुष्य १०६ अब्ज वर्षे. हेलियम गेला तरी निओडिमियम दगडातच राहते, आणि खडक तापला-दबला तरी क्षयाचा वेग बदलत नाही. या जोडीवरून वय काढण्याची पद्धत १९७० च्या दशकात रुळली. पुढे ग्वाल्हेरच्या काळ्या खडकांनाही ती लावली गेली.

दोन अब्ज वर्षांत या खडकातल्या दर हजार सॅमॅरियम-१४७ अणूंपैकी फक्त १३ फुटले आहेत. उरलेले ९८७ अजून तिथेच आहेत.