म्हाताऱ्यांना कळेल असे लिहा

अर्ज असो, बचत गटाचा ठराव असो, लिहिताना आपण आधी भारदस्त शब्द शोधतो. तो कोण वाचणार, कोण ऐकणार, हे मागाहून आठवते. मराठीतल्या पहिल्या मोठ्या गद्य ग्रंथाच्या काळी मात्र हा विचार आधी झाला होता. आज आम्ही त्याचीच गोष्ट सांगणार आहोत.

तो ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. काळ साधारण १२७८. चक्रधरस्वामींच्या मागे महानुभाव पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांच्याभोवती संस्कृत जाणणारे पंडित होते. त्यांतले केसोबास संस्कृतात लिहू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबवले. पंथात बायका पुष्कळ होत्या, म्हाताऱ्याही होत्या. ग्रंथ संस्कृतात गेला तर स्वामींचे बोल त्यांना पारखे होतील, ही आचार्यांची काळजी.

लीळाचरित्र लिहिले म्हाइंभटांनी, मराठीत. त्यांनी आधी आठवणी जमवल्या. स्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांना गावोगाव जाऊन विचारले, आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतले. एकच प्रसंग कोणी वेगळा सांगितला, तर तेही नोंदवले. मग मांडणी केली. स्वामी एकटे हिंडत होते तो काळ 'एकांक', पुढचा 'पूर्वार्ध' आणि 'उत्तरार्ध'. एका लीळेत एक प्रसंग. वाक्ये छोटी, बोली रोजची.

यात बायका नुसत्या ऐकणाऱ्या नव्हत्या. आद्य मराठी कवयित्री म्हणून ओळखली जाणारी महदाइसा स्वामींना सारखे प्रश्न विचारी. तिने विचारले म्हणून कितीतरी उत्तरे आपल्यापर्यंत आली.

पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली. ज्यांना ती तोंडपाठ होती, त्यांनी आठवून पुन्हा लिहवली. त्यातला एक पाठ हिराइसा या बाईच्या नावाने ओळखला जातो. सोप्या, छोट्या वाक्यांचा ग्रंथ मनात राहतो, तो असा.

तेव्हा मैत्रिणींनो, गटाचा पुढचा ठराव लिहाल तेव्हा सह्या घेण्याआधी तो सगळ्यात वयस्क बाईला वाचून दाखवा. ती जिथे "म्हणजे काय गं?" म्हणेल, तिथले वाक्य बदला. आपण अंगठा कशावर उठवतोय, हे तिला कळलेच पाहिजे.