कागदाचा अग्निबाण : प्रमाणबद्ध उड्डाण-प्रतिकृतींचा उदय (१९५४-१९७२)

अग्निबाणाच्या इतिहासाची मांडणी बहुधा धातूच्या अंगाने केली जाते. युरोपातील शोभेच्या दारूकामात बाणाची नळी कागदाची असे. म्हैसूरच्या हैदरअली व टिपू सुलतान यांच्या सैन्याने मात्र लोखंडी नळीचे बाण वापरले. नळी मजबूत असल्याने आतील दारू अधिक दाबाखाली जळे व बाण दूरवर जाई. १७९९ नंतर हे बाण इंग्लंडमध्ये वूलिच येथे पोहोचले. विल्यम काँग्रीव्ह याने प्रथम कागदी नळीचे बाण तपासले, त्यांचा पल्ला अपुरा ठरला, आणि पुढे त्याच्या बाणांनाही लोखंडी कवच आले. युद्धशास्त्राच्या दृष्टीने कागद तेथे हरला, असे म्हणावे लागते. तथापि दीडशे वर्षांनंतर अमेरिकेत हाच निवाडा उलट फिरविला गेला आणि तो फिरविला गेला म्हणूनच अग्निबाण शाळेच्या पटांगणात येऊ शकला. या दुसऱ्या निर्णयाकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. छंदाचा इतिहास हा इतिहासच नव्हे, असा एक समज त्यामागे असावा.

नेब्रास्का राज्यातील नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल हे गृहस्थ पादत्राणांचे दुकान चालवीत. शोभेच्या दारूकामाचा त्यांचा अभ्यास होता व त्याचा रीतसर परवानाही त्यांच्याकडे होता. बंधू रॉबर्ट यांना विमानांच्या प्रतिकृतींचा नाद. अग्निबाणाच्या तत्त्वावरील व्याख्यानांत दाखविण्यासाठी रॉबर्ट यांना उडणारा नमुना हवा होता. त्यातून १९५४ मध्ये दोघा भावांनी कागदी नळीचा, बाल्सा लाकडाच्या पंखांचा एक हलका बाण तयार केला. दिवाळीतल्या बाणाला दिशा देते ती बांबूची काडी. येथे ते काम पंखांकडे आले. इंजिन बदलता येईल अशी सोय झाली. इंधन जळून गेल्यावर काही क्षण मंद जळणारा थर आणि त्यानंतर एक छोटा स्फोटक भार, अशी योजना केल्याने बाणाचे टोक वर उंचीवर उघडे व हवाई छत्री बाहेर पडे. ‘रॉक-अ-चूट’ हे त्याचे नाव या छत्रीवरूनच आले. १९५८ मध्ये कार्लाइल यांना त्याचे पेटंट मिळाले. या रचनेचा पहिला नमुना आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय विमान व अंतराळ संग्रहालयाच्या संग्रहात आहे. जो बाण परत येतो, तोच पुन्हा तपासता येतो, दुरुस्त करता येतो. शोभेच्या बाणाची प्रयोगसाधनाकडे झालेली ही वाटचाल पंखांइतकीच, किंबहुना पंखांहून अधिक, त्या छत्रीमुळे घडली.

हे साधन नॉरफोकबाहेर पडले, ते जी. हॅरी स्टाईन यांच्यामुळे. स्टाईन न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स या क्षेपणास्त्र-चाचणी क्षेत्रात सुरक्षिततेचे काम पाहत व लोकप्रिय मासिकांतून लेखन करीत. घरच्या घरी बाण बनविताना मुले जखमी होतात, या प्रश्नावरील त्यांचे लेखन वाचून कार्लाइल यांनी १९५७ च्या प्रारंभी त्यांना आपले नमुने पाठविले. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि या प्रश्नाने उग्र रूप धारण केले. अमेरिकेतील असंख्य मुले धातूच्या नळ्यांत काड्यापेटीचा गुल किंवा जस्त-गंधकाचे मिश्रण ठासू लागली. अशी नळी फुटली की तिचे तुकडे गोळ्यांसारखे उडतात. त्यांत बोटे गेली, डोळे गेले, काही मुलांचे प्राणही गेले.

यावर दोन उपाय पुढे आले. पहिला देखरेखीचा : बाण धातूचाच ठेवावा, पण जाणत्यांच्या नजरेखाली उडवावा. अमेरिकी सैन्यातील कॅप्टन बर्ट्रंड ब्रिन्ली यांचे १९६० मधील हौशी अग्निबाणकारांसाठीचे पुस्तक या विचाराचे. वेस्ट व्हर्जिनियातील कोलवुड या खाणगावातील होमर हिकम व त्यांचे मित्र याच मार्गाने गेले. खाण कंपनीच्या यंत्रशाळेत त्यांच्या पोलादी नळ्या घडल्या आणि १९६० च्या राष्ट्रीय विज्ञान प्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले. पण प्रत्येक गावी यंत्रशाळा नसते व कुशल कारागीरही नसतो.

दुसरा उपाय स्टाईन यांचा. बाणात धातूचा महत्त्वाचा भाग असू नये. शरीर कागद, पुठ्ठा, बाल्सा वा प्लॅस्टिकचे असावे. इंजिन कारखान्यात तयार झालेले विकत घ्यावे. ते दूर उभे राहून विजेच्या साहाय्याने पेटवावे. आणि परतीची व्यवस्था असल्यावाचून बाण सोडू नये. कागद दुबळा असणे हाच येथे गुण ठरला. इंजिनात बिघाड झाला तर कागद फाटतो, त्याचा घातक तुकडा होत नाही. स्टाईन यांनी १९५७ मध्ये स्थापिलेली संघटना पुढे ‘नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री’ झाली आणि हे नियम तिच्या सुरक्षा-संहितेत आले. राज्याराज्यांतील शोभेच्या दारूविषयक कायद्यांतून या छंदाला वेगळे काढण्यास ही संहिता उपयोगी पडली.

इंजिनांचा पुरवठा ही मोठी अडचण होती. दारूकामवाल्यांनी हाताने ठासलेल्या नळ्या एकसारख्या नसत, वेळेवर मिळत नसत. डेन्व्हरचे व्हर्नन एस्टेस यांनी हे काम अंगावर घेऊन १९५९ मध्ये ‘मेबल’ नावाचे यंत्र उभारले. सुमारे साडेपाच सेकंदांना एक इंजिन तयार करणाऱ्या या यंत्राचा माल मूळ कंपनीला खपेना, तेव्हा एस्टेस यांनी टपालाने थेट विक्री सुरू केली. इंजिनावरील संकेत या एकसारखेपणाची साक्ष देतो. ‘ए ८-३’ याचा अर्थ, एकूण आवेग अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, सरासरी रेटा ८ न्यूटन व छत्री उघडण्यापूर्वी ३ सेकंदांचा अवकाश. पुढील प्रत्येक अक्षराला आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट. आता मुलाला उड्डाणापूर्वी गणित मांडता येऊ लागले. याची किंमतही होती. ज्वलनाचे रसायन, जे हिकमसारख्यांनी धोका पत्करून शिकून घेतले, ते बंद नळीत गेले आणि विद्यार्थ्याच्या हातून सुटले. सुरक्षिततेसाठी केलेला हा सौदा होता, आणि तो निव्वळ लाभाचा होता असे मानणे अनैतिहासिक ठरेल.

सुटलेल्या रसायनाची जागा भूमितीने व वायुगतिकीने घेतली. प्रमाणबद्ध प्रतिकृतीत हे सर्वाधिक स्पष्ट दिसते. उदाहरणार्थ, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून उडालेला भारतभूमीवरील पहिला संशोधन-अग्निबाण ‘नाइके-अपाची’ घ्यावा. त्याच्या खालच्या टप्प्याचा व्यास सुमारे ४२ सेंटिमीटर, वरच्याचा सुमारे १६.५. एकास दहा प्रमाणात या नळ्या ४२ व १६.५ मिलिमीटरच्या होतात. त्यांना जोडणारा निमुळता भाग पुठ्ठ्याचा करावयाचा, तर छिन्नशंकू सपाट कागदावर उलगडावा लागतो. तिरकी उंची ४० मिलिमीटर धरल्यास बाहेरच्या कंसाची त्रिज्या २१ × ४० ÷ १२.७५, म्हणजे सुमारे ६५.९ मिलिमीटर, आतील कंसाची २५.९, आणि कोन ३६० × २१ ÷ ६५.९, म्हणजे जवळजवळ ११५ अंश. चिकटवण्यासाठी कडेला पट्टी सोडावी लागते ती वेगळीच. कोन दोन अंशांनी चुकला तरी जोड नळीवर नीट बसत नाही. वहीतले सूत्र चुकल्याची शिक्षा इतक्या लवकर क्वचितच मिळते.

खरा पेच याच्या पुढे येतो. स्थिर उड्डाणासाठी बाणाचा गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, साधारणपणे नळीच्या एका व्यासाइतका तरी, असावा लागतो. मोठ्या अग्निबाणांपैकी अनेकांचे नियंत्रण इंजिने वळवून होते, त्यामुळे त्यांचे पंख लहान असतात वा नसतातच. त्यांची हुबेहूब प्रतिकृती हवेत कोलांट्या खाते. आरंभी दाबमध्य काढण्याची रीतही पुठ्ठ्याचीच होती : बाणाची बाजूची आकृती पुठ्ठ्यातून कापून ती पट्टीच्या कडेवर तोलायची. ही रीत वारा थेट बाजूने येतो असे धरून चालते. त्यामुळे तिचे उत्तर अतिसावध असते. स्थिर राहू शकणाऱ्या बाणालाही ती अस्थिर ठरविते आणि पंख वाढविण्यास भाग पाडते. पंख वाढले की प्रतिकृती प्रमाणात राहत नाही.

नासामध्ये काम करणारे जेम्स बॅरोमन यांनी १९६६ च्या राष्ट्रीय संमेलनात दाबमध्य गणिताने काढण्याची पद्धत मांडली. वाऱ्याशी होणारा कोन अल्प आहे असे गृहीत धरून टोक, निमुळता भाग व पंख यांचा वाटा वेगवेगळा काढायचा व मग एकत्र करायचा, असे तिचे स्वरूप. ती शाळकरी बीजगणितात बसते. मूळ मापाचे पंख कोठे चालतील, कोठे टोकात वजन घालावे लागेल आणि कोठे पारदर्शक प्लॅस्टिकचे जादा पंख जोडण्यावाचून गत्यंतर नाही, हे उड्डाणापूर्वीच कळू लागले. छंदासाठी निघालेली ही सूत्रे पुढे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेली आणि आजच्या संगणकीय आज्ञावलींतही वापरली जातात.

१९७२ मध्ये युगोस्लाव्हियातील व्हर्शात्स येथे या क्रीडाप्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा झाली. प्रमाणबद्ध प्रतिकृतींच्या गटात स्पर्धकाला मूळ अग्निबाणाची रेखाचित्रे व छायाचित्रे सादर करावी लागतात. आधी साधार मापे, मग रंग व खुणा, आणि शेवटी उड्डाण, अशी ही परीक्षा आहे. पुराव्यावाचून केलेल्या तपशिलाला गुण नाहीत. शीतयुद्धाच्या दोन्ही गोटांतील देश या छंदात उतरले होते आणि गुप्ततेच्या त्या काळात एखाद्या क्षेपणास्त्राचे अचूक माप मिळविणे ही सोपी गोष्ट नव्हती.

भारतात या छंदाची वाट इंजिनापाशी अडते. स्फोटकांवर येथे १८८४ पासून कायद्याचे नियंत्रण आहे, आणि एस्टेस यांनी अमेरिकेत ज्या सुलभतेने टपालाने इंजिने पाठविली ती सोय येथील महाविद्यालयाला नाही. दिवाळीच्या बाणातून दारू काढून ती नळीत ठासणे म्हणजे १९५७ च्या मुलांचीच चूक पुन्हा करणे होय. दाबाखालील हवेने वा पाण्याने उडणारा कागदी बाण मात्र परवान्यावाचून उडविता येतो. त्यात ज्वलन नसते. छिन्नशंकूची उलगड, पुठ्ठ्याचा तोल आणि बॅरोमन यांचे गणित त्यालाही तसेच लागू पडते.