गिरणगावामागचे गाव

मुंबईच्या औद्योगिक भरभराटीचा इतिहास बहुधा कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कापड गिरणीपासून सांगितला जातो. भांडवल, यंत्रे आणि कापूस यांचा हिशेब त्यात चोख आढळतो. माणसांचा मात्र ओझरता. १९२१ च्या जनगणनेत मुंबईच्या दर १०० रहिवाशांपैकी सुमारे ८४ जण शहराबाहेर जन्मलेले होते. रत्नागिरी, सातारा येथून आणि पुढे संयुक्त प्रांतातून आलेल्या ज्या श्रमावर हे शहर उभे राहिले, तो श्रम त्याने स्वतः वाढवलेला नव्हता.

कामगार मनाने शेतकरीच आहे, सुगी आली की गावी पळतो, ही गिरणीमालकांची कायमची तक्रार. सरकारी अहवालांनीही ती पुष्कळदा जशीच्या तशी उचलली. वस्तुस्थिती अशी की भरती जॉबरच्या मर्जीवर चाले आणि नोकरीला शाश्वती नसे. बदली कामगाराने रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभे राहायचे आणि काम न मिळाल्यास रिकाम्या हाताने परतायचे. पगार महिन्याचा, तोही पुढचा महिना निम्मा सरत आल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. एकाच गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोलीत एक पाळी उठे तेव्हा दुसरी पथारी पसरी. आजारपण, बाळंतपण, म्हातारपण यांची तरतूद गिरणीकडे नव्हती. ती गावाकडे होती. कोकणातल्या भातखाचरात राबणाऱ्या स्त्रीने मुलगा वाढवायचा, कमावता झाला की मुंबईस धाडायचा आणि थकून परतलेल्याला पुन्हा पोसायचे. एका माणसाच्या पोटापुरती मजुरी देऊन गिरण्या चालल्या, त्या या व्यवस्थेच्या बळावर. शहरातून गावी जाणारी मनीऑर्डर सर्वांना दिसे. गाव शहराला काय देत होते याची नोंद मात्र कोणत्याच खतावणीत नाही.

ही बाजू एकदाच लख्ख उघडी पडली. १८९६ साली प्लेग आला, काही महिन्यांत जवळजवळ निम्मे शहर रिकामे झाले, आणि ज्यांना बेभरवशाचे म्हटले जाई त्याच कामगारांसाठी गिरण्या रस्त्याच्या कोपऱ्यांवर एकमेकींवर चढाओढीने बोली लावू लागल्या. महिनाअखेरपर्यंत थांबवला जाणारा पगार तेव्हा रोजच्या रोज चुकता होऊ शकला!

गावासोबत गावचा विटाळही आला होता. धोट्यात नवी कांडी घालताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात मज्जाव असे. ते खाते अधिक मजुरीचे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीलाही स्वतःकडे पाहावे लागले.

तो संप सुमारे सहा महिने टिकला, कारण हजारो कामगार गावी जाऊन तग धरू शकले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २.५ लाख कामगार संपावर गेले, तेव्हाही पुष्कळांनी हीच वाट धरली. परंतु दरम्यान जमिनीचे तुकडे झाले होते, आणि ज्यांची मुले चाळीतच जन्मली त्यांच्यापैकी कित्येकांना परतण्याजोगे गाव उरले नव्हते. संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. गिरण्या मात्र एकेक करून बंद पडल्या, आणि त्यांच्या कापडापेक्षा त्यांच्या जमिनीला अधिक भाव आला.