भांडण चिन्हावरून, प्रश्न खुर्चीचा

संशोधनात डेटा हाताळायला तुमच्यापैकी बरेच जण पायथॉन वापरणार आहात. ही भाषा कुठल्या एका कंपनीची नाही. तिचं बरंचसं काम स्वयंसेवकांनी फावल्या वेळात केलंय. अशा ठिकाणी भांडण झालं तर ते मिटवायचं कुणी? कुणाचा पगार कापता येत नाही की कुणाला कामावरून काढता येत नाही.

पायथॉनकडे याचं सोपं उत्तर होतं: गिडो व्हॅन रॉसम. १९९१ मध्ये ही भाषा त्यांनीच लोकांसमोर आणली. त्यांना गमतीनं ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ म्हणायचे. बदल हवा असेल तर लेखी प्रस्ताव द्यायचा, त्यावर चर्चा व्हायची आणि शेवटचा शब्द गिडोंचा.

२०१८ मध्ये ५७२ क्रमांकाचा प्रस्ताव आला. मागणी एवढीच, की मोठ्या वाक्यरचनेच्या मधेच ‘:=’ हे चिन्ह वापरून चलाला किंमत देता यावी. समर्थक म्हणाले, तेच तेच लिहिणं वाचेल. विरोधक म्हणाले, कोड वाचणं अवघड होईल. काही महिने वाद चालला. शेवटी गिडोंनी प्रस्ताव मंजूर केला आणि १२ जुलै २०१८ ला पदच सोडलं. एका प्रस्तावासाठी इतकं भांडायचं आणि वर इतक्या जणांचा रोष घ्यायचा, हे पुन्हा नको, असं त्यांनी कळवलं. वारसही नेमला नाही.

आता पुढचा भाग नीट बघा. नवा हुकूमशहा शोधण्याआधी लोकांनी ‘निर्णय घ्यायचा कसा’ हेच ठरवायला घेतलं. कारभाराचे सात आराखडे आले आणि डिसेंबर २०१८ मध्ये मतदान झालं. पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ ठरलं. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य नकोत आणि दोन-तृतीयांश मतांनी मंडळ हटवता येईल, असे नियमही झाले. २०१९ च्या पहिल्या मंडळात खुद्द गिडो निवडून आले, पण पाचांतले एक म्हणून!

मतभेद काही संपले नाहीत. फक्त सगळा राग एकाच माणसावर येणं थांबलं.

तुमच्या लॅबमध्ये शोधनिबंधावर कुणाचं नाव आधी, हा वाद कधीतरी होईलच. म्हणून निर्णय कोण आणि कसा घेणार, हे काम सुरू होतानाच ठरवा. आणखी एक: ५७२ व्या प्रस्तावात नाकारलेले पर्याय कारणांसकट नोंदवलेत. तुम्हीही तसं करा. हरलेल्याचं म्हणणं कागदावर राहिलं, की त्याला पुढच्या बैठकीला यावंसं वाटतं.